एक ना धड, भाराभर चिंध्या? : चंचल चित्ताचा थोडा इतिहास

आजचा विषय तुम्हाला थोडा घरगुती वाटेल, पण त्याच्या मागे दोनशे-अडीचशे वर्षांचा लेखी इतिहास आहे. आपल्याकडे तर त्याहून कितीतरी जुना आहे.

सुरुवात आपल्या भाषेपासून करू. एखादा माणूस आज तबला शिकतो, सहा महिन्यांनी मधमाश्या पाळतो, मग मोडी लिपीच्या मागे लागतो. अशा माणसासाठी मराठीत शब्दांची अजिबात टंचाई नाही. धरसोड वृत्तीचा, आरंभशूर, नव्याचे नऊ दिवस, आणि सर्वांवर शिक्का मारणारी म्हण म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या. आता गंमत बघा. याच माणसाचं एखादं काम जमून गेलं, नाव झालं, की आपण त्याला हरहुन्नरी म्हणतो, अष्टपैलू म्हणतो. स्वभाव तोच आहे, शब्द मात्र निकाल बघून बदलतो. म्हणजे आपण स्वभावाचं वर्णन करत नव्हतोच, आपण निकालाचे गुण देत होतो.

अलीकडे या शब्दसंग्रहात एका वैद्यकीय शब्दाची भर पडली आहे: एडीएचडी. अवधानाची कमतरता आणि अतिचंचलता, असा त्याचा साधा अर्थ. पुष्कळदा असं होतं की आईवडील मुलाला घेऊन डॉक्टरांकडे जातात, डॉक्टर प्रश्न विचारू लागतात, आणि चाळिशीतला बाप मनात म्हणतो, अरे, हे तर माझ्याबद्दल चाललंय. त्या क्षणी मागची सगळी वर्षं त्याला नव्यानं वाचावी लागतात. अर्धवट राहिलेल्या गोष्टी, बदललेल्या नोकऱ्या, खाल्लेली बोलणी, सगळंच. आजचं व्याख्यान मुख्यतः अशा माणसासाठी आहे.

दोन गोष्टी आधीच स्पष्ट करतो. मी डॉक्टर नाही, तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस आहे. निदान आणि औषध हे त्या क्षेत्रातल्या जाणकारांचं काम. दुसरं असं की मेलेल्या माणसांना निदान चिकटवण्याची आज फॅशन आहे, ती मी पाळणार नाही. या निदानासाठी बालपण बघावं लागतं, घर आणि शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणचं वागणं बघावं लागतं. तीनशे वर्षांपूर्वीच्या पत्रांवरून ते होत नाही. शिवाय अनेक छंद असणारा प्रत्येक जण एडीएचडीचा नसतो, आणि एडीएचडी असलेल्या प्रत्येकाला अनेक छंद असतातच असंही नाही. ही दोन वर्तुळं एकमेकांना छेदतात, पण ती एक नाहीत.

आता इतिहास. आपल्या परंपरेत चित्ताच्या चंचलपणाची तक्रार फार जुनी आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन श्रीकृष्णाला सांगतो की मनाला आवरणं हे वाऱ्याला आवरण्याइतकंच अवघड आहे. श्रीकृष्ण त्याला रागवत नाहीत. मन चंचल आहे हे ते मान्य करतात, आणि मग अभ्यास आणि वैराग्य असे दोन उपाय सांगतात. अर्जुनाची तक्रार खोटी ठरवली जात नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात चित्ताच्या पाच भूमी सांगितल्या आहेत: क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र आणि निरुद्ध. आज आपण 'विक्षिप्त' हा शब्द तऱ्हेवाईक या अर्थानं वापरतो. मुळात तसा अर्थ नाही. क्षिप्त चित्त सतत इकडेतिकडे फेकलं जातं. विक्षिप्त ही त्याच्या वरची पायरी आहे. जे बहुतेक वेळ अस्थिर असतं, पण मधूनमधून स्थिर होऊ शकतं, ते चित्त विक्षिप्त. म्हणजे आपल्या शास्त्रकारांनी एकाग्र आणि सैरभैर असे दोनच कप्पे केले नव्हते. मधली, येऊन-जाऊन स्थिर होणारी अवस्था त्यांना ठाऊक होती. हा शब्द लक्षात ठेवा, शेवटी तो कामाला येईल.

आता युरोपात जाऊ. १७७५ साली मेल्खिओर आडाम वायकार्ट नावाच्या जर्मन वैद्याचं एक पुस्तक निघालं. त्याच्या नावाचा अर्थच 'तत्त्वज्ञ वैद्य' असा होतो. त्यात अवधानाच्या अभावावर एक प्रकरण आहे. अशा माणसाचं लक्ष माशीच्या भिणभिणण्यानंही उडतं, तो सगळं अर्धवट ऐकतो, अर्धवट समजून घेतो, असं वर्णन वायकार्ट करतो. उपाय काय, तर थंड पाण्याची स्नानं, आंबवलेलं दूध, घोड्यावरची रपेट. हसू येतं खरं, पण रपेटीचा सल्ला अगदीच टाकाऊ नव्हता. व्यायामाने फायदा होतो असं आजचे डॉक्टरही सांगतात.

पुढे १७९८ मध्ये अलेक्झांडर क्राइटन या स्कॉटिश वैद्याने मानसिक विकारांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात 'अवधान आणि त्याचे विकार' असं वेगळं प्रकरण घातलं. त्याची दोन निरीक्षणं मोलाची आहेत. एक म्हणजे काही माणसं जन्मतःच अशी असतात आणि वयानुसार हे बहुधा कमी होतं. दुसरं, लॅटिन आणि ग्रीक व्याकरणाच्या रुक्षपणात ज्यांचं लक्ष छडी दाखवूनही लागत नाही आणि गोंजारूनही लागत नाही, अशी मुलं प्रत्येक शिक्षकाने पाहिलेली असतात. अठराव्या शतकातला हा वैद्य छडीचा उपयोग नाही म्हणून सांगतो आहे! त्यानंतर शंभर-दीडशे वर्षं शाळांनी छडीच वापरली, हा भाग वेगळा.

एकोणिसाव्या शतकात हवा बदलली. १८४० च्या दशकात फ्रँकफर्टच्या हाइनरिश होफमान या डॉक्टरने मुलांसाठी एक चित्रमय पुस्तक केलं. त्यात फिलिप नावाचा एक चुळबुळ्या मुलगा आहे. जेवायला बसल्यावर तो खुर्ची डोलवत राहतो आणि टेबलावरच्या कापडासकट सगळं जेवण खाली ओढतो. पुस्तक गमतीचं होतं, पण त्यातून मिळणारा धडा असा, की हा मुलगा वाईट वागतो.

मग १९०२ साल येतं. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने तीन व्याख्यानं दिली. त्याने ४३ मुलांची उदाहरणं मांडली. या मुलांपैकी अनेकांची बुद्धी व्यवस्थित होती, पण त्यांना स्वतःला आवरता येत नव्हतं. याला स्टिलने नाव दिलं 'नैतिक नियंत्रणाचा' दोष. त्याच्या बाजूने एवढं म्हणता येईल की याचं मूळ तो शरीरात शोधत होता, आईवडिलांच्या माथी मारत नव्हता. पण शब्द पडला तो 'नैतिक' असा. शब्द एकदा पडला की सहजासहजी उठत नाही. मुलाने वही विसरली तर 'अमुक झालं' असं आपण म्हणत नाही, 'तू निष्काळजी आहेस' असं म्हणतो.

ही गाठ थोडी सैल झाली ती काहीशी योगायोगाने. १९३७ मध्ये अमेरिकेत ऱ्होड आयलंडला चार्ल्स ब्रॅडली हे डॉक्टर मुलांच्या मेंदूची तपासणी करत होते. त्या तपासणीने मुलांची डोकी भयंकर दुखत. डोकेदुखी कमी व्हावी म्हणून त्यांनी बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन पाहिलं. डोकेदुखीचं फारसं काही झालं नाही, पण ३० पैकी १४ मुलांचं शाळेतलं काम एकाएकी सुधारलं. उत्तेजक औषधाने चंचल मूल शांतपणे गणितं सोडवू लागलं, हे त्या वेळी कोडंच होतं. १९४४ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत लिआंड्रो पानित्सोन या रसायनज्ञाने मिथाइलफेनिडेट तयार केलं आणि त्याच्या बायकोच्या, रिटाच्या, नावावरून ते रिटालिन म्हणून बाजारात आलं.

निदानाचं नावही बदलत गेलं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या नियमपुस्तिकेत १९६८ मध्ये ती बालपणातली अतिचंचल प्रतिक्रिया होती. १९८० मध्ये भर चुळबुळीवरून लक्षावर आला आणि १९८७ मध्ये आजचं एडीएचडी हे नाव पडलं. प्रौढांसाठी वेगळा निकष थेट २०१३ मध्ये आला. म्हणजे आज जो साठीचा माणूस आहे त्याच्या बालपणी हे नावच नव्हतं, आणि त्याच्या चाळिशीत 'हे लहान मुलांचं असतं' असं सांगितलं जात होतं. मुलींचं तर आणखी कठीण. ज्या मुली चुळबुळ करत नाहीत, नुसत्या खिडकीबाहेर बघत बसतात, त्यांच्याकडे कोणाचं लक्षच गेलं नाही.

हा झाला उणिवेचा इतिहास. आता सर्जनाच्या बाजूला वळू. तत्त्वज्ञानाचा माणूस म्हणून माझ्यासमोर पहिलं नाव येतं ते गॉटफ्रीड विल्हेल्म लायब्निझचं, १६४६ ते १७१६. आज बारावीचा विद्यार्थी समाकलनासाठी जे लांबोडकं चिन्ह काढतो, ते त्याचं. गुणाकार-भागाकार करणारं यंत्र त्याने १६७३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला दाखवलं. फक्त शून्य आणि एक वापरून गणित कसं करायचं यावर लिहिलं. कायदा, राजकारण, चिनी विचार, भाषांची कुळं, यातला एकही विषय त्याने सोडला नाही.

आता दुसरी बाजू ऐका. हार्ट्झ पर्वतातल्या चांदीच्या खाणींतलं पाणी पवनचक्क्यांनी उपसायचं, अशी योजना त्याने काढली. १६८० च्या सुमारास सुरू झालेलं हे काम १६८५ मध्ये गुंडाळावं लागलं. त्याच वर्षी हॅनोव्हरच्या ड्यूकने त्याला घराण्याचा इतिहास लिहायला सांगितलं. हा गृहस्थ म्हणाला, घराण्याचा इतिहास सांगायचा तर आधी त्या भूमीचा सांगायला हवा, आणि भूमीचा सांगायचा तर पृथ्वी कशी झाली तिथपासून! त्यातून 'प्रोटोगिआ' हे भूशास्त्राचं पुस्तक झालं, जे त्याच्या मृत्यूनंतर ३३ वर्षांनी, १७४९ मध्ये छापलं गेलं. खाणी गेल्या, पण खाणीत उतरून जे दगड पाहिले ते या पुस्तकात आले. इतिहास मात्र तीस वर्षांनंतरही इ.स. १००५ पर्यंतच पोचला होता. १७१४ मध्ये मालक इंग्लंडचा राजा झाला, दरबार लंडनला गेला, आणि लायब्निझला निरोप मिळाला की आधी तो इतिहास पुरा करा. दोन वर्षांनी तो हॅनोव्हरलाच वारला. दरबारातलं कोणी अंत्ययात्रेला आलं नाही.

१६९५ मधल्या एका पत्रात तो स्वतःच सांगतो की मी किती विखुरलेला आहे हे शब्दांत सांगता येणार नाही. दप्तरं उपसतो आहे, पत्रांना उत्तरं देतो आहे, गणितात आणि तत्त्वज्ञानात इतक्या नव्या गोष्टी सुचताहेत की सुरुवात कुठून करावी हेच कळत नाही. अशा माणसाच्या हातून इतकं काम झालं कसं?

मला वाटतं, याचं एक उत्तर पत्रांत आहे. त्याची पंधरा हजारांहून जास्त पत्रं शिल्लक आहेत, सुमारे ११०० माणसांशी झालेली. आता विचार करा, पत्र म्हणजे काय? पत्र एका बैठकीत पुरं होतं. पलीकडे कोणीतरी वाट बघत असतं. ते कोणीतरी उलट प्रश्न विचारतं, म्हणून विषयाकडे परत यावंच लागतं. त्याचं बरंचसं महत्त्वाचं तत्त्वज्ञान अशा पत्रव्यवहारांत आहे. हयातीत छापलेला मोठा तात्त्विक ग्रंथ एकच, १७१० सालचा, आणि त्याचंही मूळ प्रशियाच्या राणीबरोबर झालेल्या चर्चांत आहे. आतून न येणारी शिस्त त्याला बाहेरून मिळाली, वाट बघणाऱ्या माणसांकडून. आज समुपदेशक एडीएचडी असलेल्यांना जी बाहेरची चौकट उभारायला सांगतात, ती याहून फार वेगळी नाही.

दुसरं उदाहरण आपल्या घरचं आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म १९०७, गोव्याचे. शिकले हार्वर्डमध्ये, गणित हा विषय, पुढे पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवलं. त्यांना संख्याशास्त्र शिकायचं होतं. नुसतं पुस्तक वाचून ते येईना, म्हणून हाताशी एखादा खरा प्रश्न हवा होता. त्यांनी जुनी आहत नाणी घेतली. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं, म्हणजे वजनात घट किती झाली यावरून ते किती फिरलं याचा अंदाज येतो. मग ही नाणी पाडली कोणी, हा प्रश्न आला. त्यासाठी ग्रंथ बघायला हवेत, त्यासाठी संस्कृत पक्कं हवं. संस्कृत शिकण्यासाठीही त्यांनी एक खरं काम घेतलं, भर्तृहरीची सुभाषितं. त्यातून १९४८ मध्ये चिकित्सक आवृत्ती निघाली, आणि १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची दिशा बदलणारं पुस्तक. मध्येच १९४४ मध्ये जनुकशास्त्रात एक सूत्र देऊन ठेवलं, जे आजही कोसंबींच्या नावाने वापरलं जातं.

बाहेरून बघणाऱ्याला हा गणित सोडून नाण्यांत, नाणी सोडून संस्कृतात शिरलेला माणूस दिसतो. आतून बघितलं तर प्रत्येक उडी आधीच्या प्रश्नानेच मारायला लावलेली आहे. त्यांनी मागचं टाकलं नाही, ते बरोबर घेऊन पुढे गेले. तराजू आणि संख्याशास्त्र इतिहासात घेऊन आले, हेच तर त्यांचं वैशिष्ट्य.

किंमत त्यांनाही मोजावी लागली. १९५९ मध्ये गणितातल्या एका प्रख्यात न सुटलेल्या कोड्यावर, रीमान अनुमानावर, त्यांनी कृषी-संख्याशास्त्राच्या नियतकालिकात लेख छापला. गणितज्ञांनी तो मान्य केला नाही, त्यांच्या नावाला धक्का बसला. १९६२ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेतलं त्यांचं काम संपलं. अनेक क्षेत्रांत वावरणाऱ्याला प्रत्येक ठिकाणी थोडं परकेपण सोसावं लागतं. हे लपवून केलेलं कौतुक उपयोगाचं नाही. आजकाल कोणी कोणी एडीएचडीला वरदान म्हणतात, महाशक्ती म्हणतात. ज्याच्या घरची वीज बिल विसरल्यामुळे कापली गेली आहे त्याला जाऊन हे सांगून बघा. दिलेला शब्द राहून जातो तेव्हा त्याची झळ घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी लागते. आणि हेही विसरू नका की मी निवडलेली माणसं पुरुष आहेत, पगारी आहेत, ग्रंथालय हाताशी असलेली आहेत. दहा छंद करण्याची मोकळीक इतिहासात सर्वांना सारखी मिळालेली नाही. मनात हेच कुतूहल असलेल्या किती बायकांचं आयुष्य चुलीपुढे गेलं, त्यांचं दप्तर कुठेही नाही.

शेवटचा साक्षीदार विल्यम जेम्स. हा अमेरिकन तत्त्वज्ञ आधी चित्रकला शिकला, मग रसायनशास्त्र, मग वैद्यक. १८६५ मध्ये मध्येच उठून ॲमेझॉनच्या मोहिमेवर गेला. १८६९ मध्ये डॉक्टर झाला, पण दवाखाना कधी घातला नाही. मग शरीरशास्त्र, मानसशास्त्र, आणि अखेर तत्त्वज्ञान. मानसशास्त्राच्या ग्रंथाचा करार त्याने १८७८ मध्ये केला, आणि ग्रंथ निघाला १८९० मध्ये. प्रकाशकाच्या सोशिकपणाला नमस्कार करायला हवा.

त्या ग्रंथात तो म्हणतो की भरकटलेलं लक्ष पुन्हा पुन्हा परत आणण्याची शक्ती हे चारित्र्याचं मूळ आहे. पण १८९९ मध्ये शिक्षकांसाठी छापलेल्या व्याख्यानांत त्याचा सूर बदललेला दिसतो. तो सांगतो, काहींच्या जाणिवेत मधे लख्ख उजेड असतो आणि कडेला अंधार. काहींच्या कडेलाही उजेड असतो, तिथून चित्रविचित्र गोष्टी सतत आत घुसतात. तुम्ही या दुसऱ्या प्रकारचे असलात तर निराश होऊ नका. मी पाहिलेल्या अत्यंत कर्तबगार माणसांपैकी काही अगदी अशीच होती. माणसाच्या हातून किती काम होतं हे एका शक्तीवर ठरत नाही. ज्याला एखाद्या विषयाची मनापासून ओढ आहे, तो कितीही भटकला तरी तिथे पुन्हा पुन्हा परत येतो, आणि एकूण हिशेबात त्याचं काम जास्तच भरतं.

इथे मला सगळा धागा सापडतो. आपण मुलांना शिकवतो ते 'टिकून राहा' हे. जेम्स सांगतो 'परत या' हे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टिकून राहणं काहींना स्वभावाने जमतं, काहींना औषधाच्या मदतीने जमतं, आणि मदत घ्यायला लाज वाटण्याचं काही कारण नाही, चष्मा लावायला वाटत नाही तशी. परत येणं मात्र त्या विक्षिप्त चित्तालाही जमतं, मधूनमधून स्थिर होणाऱ्या. वारकरी बारा महिने पंढरपुरात राहत नाही. त्याचं शेत असतं, गुरं असतात, नाना उठाठेवी असतात. तरी त्याला कोणी धरसोड्या म्हणत नाही, कारण तो परत येतो. वारी या शब्दातच पुन्हा येणं आहे.

म्हणून ज्यांना आपलं आयुष्य चिंध्यांचं वाटतं त्यांनी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. सोडलेल्या दहा गोष्टींपैकी मी पुन्हा पुन्हा कुठे जातो? माझी वाट बघणारं, चार ओळी मागणारं, असं कोण आहे? आणि माझ्या भटकण्याची किंमत कोण मोजतं आहे, मी की दुसरंच कोणी? पहिल्या प्रश्नाने आपला विषय सापडतो आणि दुसऱ्याने चौकट. तिसऱ्याचं उत्तर देताना मान खाली जात असेल, तर निदान-उपचाराची चौकशी करायला उशीर करू नये.

आणि ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांना एवढंच सांगेन. वही विसरली तर 'वही विसरली' म्हणा, पुढचा शब्द गिळा. क्राइटनने सव्वादोनशे वर्षांपूर्वी जे पाहिलं होतं ते आपण आता तरी मान्य करायला हरकत नाही.

वेळ संपत आली आहे, म्हणून थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा, विषयाला सोडून असले तरी चालतील. आजच्या दिवशी तरी तक्रार करता येणार नाही मला.